बाळंतिणीसाठी मोटारीच्या काचा

अक्कलकुव्यात मी एका शेठजींची मोटार हाकायचो आणि बिघडली की दुरुस्तही करायचो. मोटार जुनीपुराणी, सुरतेकडच्या कुणाची तरी वापरून झालेली. डोंगरातल्या खड्ड्यांनी तिच्या मागच्या दोन्ही दारांच्या काचा केव्हाच खाल्ल्या होत्या. नव्या काचा येऊन पेंढ्यात गुंडाळून पडल्या होत्या आणि मी आज बसवतो, उद्या बसवतो करत होतो. आळस माझाच, दुसऱ्या कुणाचा नाही.

त्या थंडीत माझी बायको बाळंत झाली. मुलगी झाली. पाचव्या दिवशी बायकोला सणसणून ताप भरला. सुईण म्हणाली, हे माझ्या हातचं नाही, नंदुरबारला डॉक्टरकडे न्या. शेठजी एरवी महाचिक्कू, पण लगेच म्हणाले, मोटार ने. कुणी अडवलं नाही. अडवलं आम्हीच.

बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबरच पाजलेलं. तिचे कान बांधायचे, खिडकीला पोतं, दाराला गोधडी, खाटेखाली शेगडी. बिनकाचेच्या मोटारीतून नेतो म्हटल्यावर माझी आई दारात आडवी उभी राहिली. "तिले वारा लागी जाई. पहिले काचा बसाड, मंग लई जाय."

मीही मान डोलावली. दोन तासांचं काम, असं वाटलं होतं.

दाराची आतली फळी खोलली तेव्हा कळलं, दोन्ही काचा जवाभर मोठ्या. काच कापायचं हत्यार तिथे कुणाकडे असणार? धार लावायचा दगड भिजवून कड घासत बसलो. एका काचेला अख्खा दिवस गेला. घराच्या भिंतीला लागूनच मोटार उभी होती. आतून बायकोचा आवाज आला, "आस्ते करा. काच फुटी जाई." अंग तापाने फणफणलेलं आणि काळजी माझ्या काचेची.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरीही बसली. दार हलवून पाहिलं तर दोन्ही खडखडत होत्या. आईला म्हणालो, फटीतून वारा येईल. खरं सांगायचं तर तो खडखडाट मलाच सहन होत नव्हता. कारागिराचा ताठा, दुसरं काय! पुन्हा काढल्या, खाचेत बनातीच्या जाड लोकरी कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या, पुन्हा बसवल्या. तेवढ्यात दिवस मावळला. दारांना गोधड्या बांधून पहिल्याच दिवशी निघता आलं असतं. हे आज कुणालाही सुचेल. तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मागे आई मुलीला मांडीवर घेऊन, शेजारी बायको. तळोदा सोडल्यावर बायकोने डोळे उघडले. "काच खाले करा ना. जीव घाबरी ऱ्हायना."

"नही," आई म्हणाली. मी गाडी हाकत राहिलो. मोटार इतकी गुमान चालली होती की बायकोचा एकेक श्वास मला पुढे ऐकू येत होता.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "दोन दिवस आधी का नाही आणलंत?"

"मोटारीला काचा नव्हत्या," मी म्हणालो.

त्यांना काही उमगलं नाही. ते रागावलेही नाहीत. त्यांनी तिच्या कानांचं फडकं सोडलं आणि खाटेजवळची खिडकी सताड उघडली. गार वारा आत आला. आईने मुलीला पदराखाली घेतलं. बायकोने तोंड वाऱ्याकडे केलं आणि म्हणाली, "आते बरं वाटस."

दिवस मावळायच्या आत ती गेली.

मुलगी जगली. आपली आई कशाने गेली, असं ती अधूनमधून विचारते. तापाने, असं मी सांगतो. डॉक्टरकडे न्यायला दोन दिवस का लागले, हे तिने अजून विचारलेलं नाही. विचारलं तर मी खोटं बोलेन.