दोघींचं एकच नाव

आमच्या गंजाडकडच्या पाड्यात पोर ज्या वारी जन्मते, त्या वारावरून तिचं नाव पडतं. आता वार असतात सातच, म्हणजे एका नावाच्या दोघी-तिघी निघणारच की. आम्हांला त्याचं काही वाटत नाही. हाक मारली की जी जवळ असेल ती ओ देते, आणि काम होऊन जातं.

हीच सवय घेऊन आम्ही डहाणूच्या दवाखान्यात गेलो.

माझ्या सुनेला आठवा महिना. जरा चालली की धाप लागायची, पापणी ओढून बघितली तर आत सगळं पांढरं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्तच नाही. आजच रक्ताची बाटली चढवायची. आधी तपासायला द्या." शेजारणीची सूनही आमच्याच जीपमधून आलेली, तिला नुकतेच दिवस गेलेले. दोघींचं नाव एक, नवऱ्यांचं नाव एक, आडनाव तर अख्ख्या पाड्याचं एकच.

रक्त काढतात त्या खोलीबाहेर आम्ही बाकावर बसलो. सुनेला घेरी आली म्हणून मी तिला नळावर तोंड धुवायला नेलं. तेवढ्यात आतून तिला हाक आली. बाकावर कोण होती? शेजारणीची सून. ती उठली आणि रक्त देऊन आली. आम्ही परतलो तर पुन्हा तीच हाक. आता माझी सून आत गेली. आतल्या पोरीने नाव विचारलं, हिने सांगितलं, ते बरोबरच होतं. नळीवर रेघारेघांची चिठ्ठी चिकटली. झालं.

बराच वेळ गेला. मग लॅबमधली ती पोरगी स्वतःच बाहेर आली. "आजी, कॉम्प्युटर तुमच्या सुनेचा रिपोर्ट सोडत नाहीये."

"लाइट गेली असंल."

"लाइट आहे. ही मागे तलासरीला तपासायला गेली होती ना? तेव्हाचा रक्तगट वेगळा दिसतोय, आजचा वेगळा. माणसाचा रक्तगट असा बदलत नाही, आजी. सूनच बदलून आणली की काय तुम्ही?"

"बदलून मिळते होय? आधी सांगायचं ना!" मी म्हणाले. सून तेवढ्यातही हसली. तलासरीजवळ तिचं माहेर, तिथे गेल्यावर तिने तपासून घेतलं होतं हे मलाही आठवत नव्हतं. तो कागद कधीच कुठे गेला. आणि इथे डहाणूत बसून त्या पोरीला ते दिसत होतं!

शेजारणीची सून हळूच म्हणाली, "मावशे, पहिली हाक आली तेव्हा मीच गेले आत. तू नळावर होतीस ना."

पोरगी म्हणाली, "अहो, त्या रक्तावरून बाटली आणली असती तर?"

पुढचं मला कळलं. चुकीचं रक्त अंगात गेलं तर माणूस राहत नाही, एवढं ऐकून होते मी. आणि आठ महिन्यांचं पोर पोटात.

आमच्या वेळी लॅबवाला चिठ्ठीवर लिहून द्यायचा, आणि त्यावर असेल तेच खरं धरायचं. मागचं काय होतं हे विचारायला जाणार कुठे? आज मागचं आणि आताचं शेजारी ठेवून बघणारं काहीतरी तिथे होतं, म्हणून चूक अडली. माणसं बघत नाहीत असं नाही हो, पण त्या सकाळच्या गर्दीत कोण कोणाला लक्षात ठेवील?

दोघींचं रक्त पुन्हा काढलं. या वेळी पोरीने आधी विचारलं, "माहेर कुठलं?" मग वय, मग आधारकार्ड, आणि मग सुई.

दुपारी बाटली आली. सिस्टरने सुनेच्या मनगटावर बांधलेल्या नावाच्या पट्टीवर यंत्र धरलं, बाटलीवर धरलं, पडद्यावर बघितलं आणि मान हलवली. थेंब सुरू झाला. मी सुनेच्या तोंडाकडे बघत राहिले. थंडी वाजते का, अंगावर गांधी उठतात का. शेजारणीची सून घरी गेलीच नव्हती, दाराशी उभी होती.

"बाय, बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"आई, तुम्ही अशा बघू नका, मला घाबरायला होतं," सून म्हणाली. "तुम्ही दोघी जाऊन जेवून या."

आम्ही गेलो नाही. बाटली संपेपर्यंत दोघी तिच्या पायाशी बसून राहिलो.