बाटलीतलं ड्रेसिंग आणि घरची फोडणी

लेक नऊ वर्षांची असताना डॉक्टरांनी तिचा गहू कायमचा बंद केला. सीलिअॅक नावाचा आजार. गव्हातल्या ग्लूटेनने तिचं आतडं आतून सोलवटलं होतं, वजन दोन वर्षं तिथल्या तिथे होतं. पोळी गेली, बिस्किटं गेली, केक गेला. तिने एकच मागितलं: मैत्रिणीच्या वाढदिवसाला खाल्लं होतं तसं, बाटलीतलं ड्रेसिंग घातलेलं सॅलड.

त्यासाठी मी बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधलं घराजवळचं सुपरमार्केट पालथं घातलं. चष्मा कपाळावर चढवायचा आणि बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची. एकीत सोया सॉस, म्हणजे गहू. दुसरीत माल्ट व्हिनेगर, म्हणजे जव, त्यातही ग्लूटेन. तिसरीवर नुसतंच ‘स्टार्च’, कशाचा ते देव जाणे. “एनु बेकु, अक्का?” तिथली विक्रेती विचारायची. काय हवं ते सांगितलं की तीही माझ्याबरोबर वाचायला लागायची आणि शेवटी मान हलवायची, “इल्ला, अक्का.”

चौथ्या खेपेला माझं डोकं फिरलं. म्हटलं, खड्ड्यात गेल्या बाटल्या! आमच्या काकडीच्या कोशिंबिरीवरच्या हिंग-मोहरीच्या फोडणीपुढे यांची काय मिजास? तेव्हापासून रोज कोशिंबीर, वर चरचरीत फोडणी. हिंग पुण्याचाच. दर फेरीत आणायचा आणि घरी आल्यावर स्टीलच्या डबीत ओतायचा. लेक वाटी चाटूनपुसून खायची आणि मला भरून यायचं.

सहा महिन्यांनी रक्त तपासलं. काही सुधारणा नाही. “बाहेरचं काही खाते का?” डॉक्टरांनी विचारलं. घरी येऊन मी तिला फैलावर घेतलं. कुणाच्या डब्यातलं खातेस? खरं सांग! ती रडत रडत नाही म्हणत राहिली. मी विश्वास ठेवला नाही. वर शाळेतल्या बाईंना सांगून ठेवलं, हिच्यावर जरा लक्ष ठेवा. त्यांनी तिला मधल्या सुट्टीत मैत्रिणींपासून वेगळं, स्वतःच्या टेबलाशी बसवायला सुरुवात केली. मला तेव्हा बरंच वाटलं.

मग एकदा हिंग संपला आणि पुण्याची फेरी अजून लांब होती. त्याच सुपरमार्केटात हिंगाची डबी उचलली आणि सवयीने उलटी करून वाचली. डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. पुण्यातल्या बहिणीला तिथूनच फोन केला आणि आम्ही नेहमी आणतो ती डबी वाचायला लावली. तिच्यातही गहू. परक्या बाटल्यांवरचं अक्षर न् अक्षर मी तपासलं होतं. आपला हिंग वाचून बघावा, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. रोज मीच लेकीच्या पोटात गहू घालत होते आणि जाब तिला विचारत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी!

घरी येऊन तिला जवळ घेतलं. सगळं सांगितलं, माफी मागितली.

“म्हणजे आई, मी खरं बोलत होते ना?”

“हो गं, राणी.”

“मग बाईंना पण सांग. त्यांना अजून वाटतं, मी चोरून खाते.”