ढवळे सरांचा राग

ढवळे सर मैदान आखत असताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हे आमच्या शाळेत पहिलीच्या पोरालाही माहीत होतं. सकाळी सहाला ते फक्कीचं घमेलं घेऊन यायचे, सुतळी ताणायचे आणि कमरेत वाकून खोखोचं मैदान आखायचे. रेषा पडल्यावर कुणी चपला घालून आत आलं, तर ती चप्पल कुंपणापलीकडे जायची. एकदा शिक्षण खात्यातले एक साहेब तपासणीला आले आणि बुटांसकट मधल्या पाटीवर उभे राहिले. सर म्हणाले, “सायेब, बूट भायेर. हितं पोरी सूर मारत्यात, खडा रुतला तर गुडघा फुटतोय.” साहेब हसले. सर हसले नाहीत. शेवटी साहेबांनी बूट काढले आणि मोज्यांवर उभं राहून शाळेची तपासणी पूर्ण केली. त्या वर्षीच्या शेऱ्यात सरांविषयी काय लिहिलं गेलं असेल, ते सांगायला नको.

आमचं गाव सास्तूरच्या पलीकडे. भूकंपानंतर नव्याने वसवलेलं, सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं. वसवताना सरकारने नकाशात शाळेशेजारी एक जागा ‘क्रीडांगण’ म्हणून सोडली होती. सर तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले. जागेवर सगळे दगडगोटे. पोरांना हाताशी धरून त्यांनी दोन वर्षं दगड वेचले, मुरूम टाकला, पाणी मारलं. मग दरवर्षी मुलींसाठी घरोघर फिरायचे. आमच्या घरी आले तेव्हा आई म्हणाली, “पोरीच्या जातीनं उड्या मारत फिरायचं, बरं दिसतं का, सर?” सर उंबऱ्यातच उभे होते. “बाई, पोरगी घरात बसली तर काय सोनं उगवतंय का? पाठवा. हातपाय मोडला तर म्या जबाबदार.” माझा हात खरंच मोडला, तिसऱ्याच महिन्यात. सर मोटारसायकलवरून मला उमरग्याला घेऊन गेले आणि प्लास्टर होईपर्यंत डॉक्टरांशी भांडत राहिले. डॉक्टरांचं काय चुकलं होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

खोखोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. सरांनी हा नियम खेळापुरता ठेवला नव्हता. कुणी बारावीला शाखा बदलायची म्हटली, कुणी लग्न ठरल्यावर रडायला लागली, की सर म्हणायचे, “एकदा तोंड धरलं की खांबापातुर मागं बघायचं न्हाय. तोंड धरायच्या आधी इचार करायचा.” आम्हाला हे तोंडपाठ होतं. उपयोग किती झाला, तो भाग वेगळा.

मी राज्य पातळीपर्यंत खेळले, पुण्याला क्रीडा व्यवस्थापन शिकले आणि तिथून सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला ब्रुसेल्सला गेले. युरोपातल्या खेळांच्या धोरणावर काम करणारी एक संस्था होती. जायच्या आधी सरांना फोन केला.

“धोरणावर म्हंजे? तिथली माणसं खेळत्यात का?”

“नाही सर, खेळाबद्दल लिहितात. सरकारांना सल्ला देतात.”

“मग खेळतंय कोण?” असं विचारून त्यांनी माझ्या उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

तिथे माझं काम म्हणजे अहवाल वाचायचे, बैठकांची टिपणं काढायची. विषय होता, प्रत्येक मुलाला घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर खेळायला जागा. चार देशांची माणसं गोल टेबलाभोवती बसून ‘हक्क’ लिहायचं की ‘संधी’, यावर तीन तीन बैठका घालवायची. खिडकीखाली खरंखुरं हिरवंगार मैदान होतं, आणि त्याला कुलूप नव्हतं. मी कॉफी पीत टिपणं काढायची आणि आपण फार मोठं काहीतरी करतोय असं मला वाटायचं. आज त्या वाटण्याचाच जास्त राग येतो.

तिसऱ्या महिन्यात सरांचा फोन आला. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, त्यांनी मैदानावर ‘बहुउद्देशीय भवन’ बांधायचं ठरवलं होतं. नाव काहीही द्या, ते मंगल कार्यालय होतं. सरांनी माहितीच्या अधिकारात गावाचा मूळ नकाशा मिळवला होता, तहसील कचेरीत तक्रार दिली होती, आणि महिन्याभरात सुनावणी होती.

“अगं वर्षे, तुझ्या तिथल्या साहेबाच्या कागदावर चार वळी धाड. पोरींचं मैदान घेताव ह्ये चुकीचं हाय, एवढंच. आपल्या लोकांला भायेरच्या कागदाचं लई भ्या. गोड काय लिहू नको.”

मी ‘हो’ म्हटलं. आणि इथून पुढची चूक माझी एकटीची आहे.

माझे वडील तात्यांच्याच शाळेत कारकून. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. शिवाय माझ्या वरिष्ठ बाई, एल्स, म्हणाल्या की युरोपबाहेरच्या वादात आम्ही पडत नाही, पण कुणाचं अभिनंदन करायला हरकत नाही. मला तर हुरूपच आला. आपल्याकडे एखाद्याला अडवायचं तर त्याच्याशी भांडत नाहीत, त्याचा सत्कार करतात. शाल-श्रीफळ दिलेला माणूस चार लोकांत वाकडं वागायला लाजतो, असा आपला समज. माझ्या वडिलांनी आयुष्यभर हेच केलं होतं. मीही तेच केलं, फक्त इंग्रजीत. भूकंपानंतर आपल्या संस्थेने मुलींसाठी मैदान जपलं, हे कौतुकास्पद आहे. यापुढेही ते जपलं जाईल अशी आशा. खाली एल्सबाईंची सही. पत्र सरांना पाठवलं, आणि सौजन्य म्हणून, होय, सौजन्य म्हणून, एक प्रत तात्यांनाही पाठवली.

तात्या लाजले नाहीत. त्यांनी पत्रातलं पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं सोडलं. आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला: ‘आपल्या संस्थेची युरोपने घेतली दखल’. एका बाजूला तात्या हात जोडून, दुसऱ्या बाजूला माझा फोटो. सुनावणीत त्यांच्या वकिलांनी तेच पत्र पुढे केलं. सुनावणी घेणारे साहेब सरांना म्हणाले, “मास्तर, परदेशातले लोक यांचं कौतुक करतायत आणि तुम्ही तक्रार करताय?” अर्ज निकाली निघाला. पुढच्या महिन्यात भूमिपूजन झालं, आणि फक्कीच्या रेषांवर जेसीबी उभा राहिला.

त्या दिवशी सरांनी फोन केला. आवाज अजिबात चढलेला नव्हता, तेच भयंकर होतं. “म्या तुझ्याकडं तक्रार मागितली हुती. तू हार धाडलास.” मी काहीतरी वडिलांच्या नोकरीचं बोलायला लागले. ते म्हणाले, “व्हय, मग तसं सांगायचं. न्हाय जमत म्हणायचं. म्या दुसरा माणूस बघितला असता.”

 

माझी इंटर्नशिप लांबत दीड वर्षाची झाली, आणि मी परत येईपर्यंत सर निवृत्त झाले होते, भवन उभं राहिलं होतं, आणि सर मुलींना घेऊन भवनासमोरच्या डांबरी रस्त्यावर खेळवत होते. ऐन लग्नसराईत. एका वरातीच्या सात गाड्या त्यांनी अडवलेल्या मी स्वतः पाहिल्या. मुलाकडचा एक फेटेवाला तावातावाने पुढे आला. सर घड्याळ बघत म्हणाले, “नऊ मिनटाचा डाव हाय. सहा झाली. नवरदेवाला म्हणावं, आयुष्य पडलंय लग्न करायला, तीन मिनटं थांब.” वाजंत्रीवाले कडेला बसून चक्क खेळ बघायला लागले. दुसऱ्या दिवशी सरांना पोलीस चौकीत बोलावलं. संध्याकाळी ते पुन्हा रस्त्यावर हजर.

मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा केला. सरांनी अहवालांची चौकशी केली, एल्सबाईंची केली, तिथल्या मैदानाला कुलूप नसतं हे दोनदा विचारून घेतलं. मी मान खाली घालून म्हटलं, “सर, चुकलं माझं. माफ करा.”

“राग हाय तुझ्यावर,” सर म्हणाले. “उगं न्हाय म्हणून खोटं कशाला बोलू? जाईल तवा सांगीन. तोवर यीत जा.”

मी जात राहिले. कचेरीत नव्याने अर्ज केला, सरांचा नकाशा जोडून, या वेळी कुणाचंही कौतुक न करता. सर तो अर्ज वाचून म्हणाले, “बरा हाय.” राग गेल्याचं काही बोलले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ते अंथरुणातून उठलेच नाहीत. तो राग माझ्याकडे तसाच राहिला आहे, आणि तो मला कमी व्हायला नको आहे.

शोकसभेसाठी तात्यांनी भवन मोफत दिलं. मोफत! सरांचा फोटो स्टेजवर, त्याला तात्यांच्या हातून हार. तात्या बोलले की ढवळे सरांचं स्वप्न या वास्तूच्या रूपाने साकार झालं. मागच्या रांगेत सरांच्या खोखोच्या मुली बसल्या होत्या, गुडघे खरचटलेल्या. मग निवेदकाने माझं नाव घेतलं, युरोपात गावाचं नाव केलेली कन्या म्हणून.

मी माइक हातात घेतला. “आपण बसलोय ती जागा नकाशात क्रीडांगण आहे. हे छत माझ्या पत्रामुळे उभं राहिलं. सरांनी हे अडवलं होतं, मी मैदान घालवलं. ज्यांना सरांचं काही वाटतं त्यांनी इथून उठावं. श्रद्धांजली रस्त्यावर देऊ.”

 आधी मुली उठल्या, सगळ्या. काकू उठल्या. माझी आई उठली, पदर खोचून. माझे वडील पहिल्या रांगेत, तात्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं त्यांना. ते बसून राहिले.

घरी आल्यावर ते मला म्हणाले, “जरा दमानं घ्यायचं असतं, बाळा.”

दमानंच घेतलं होतं, आबा. ब्रुसेल्समध्ये.