गॅलरीतली कुंती

वाटण्या झाल्या, सांडोरची आमची केळीची वाडी विकली गेली, तेव्हा फाटकाजवळच्या कुंपणातला कुंतीचा एक बुंधा मी मुळांसकट उपटून फ्लॅटवर आणला. त्याच महिन्यात बाबांनाही आणलं. दोघांत कुंती लवकर रुळली. छाटली, तारेनं फांद्या वळवल्या, पसरट कुंडीत बोन्साय करून बसवली, तरी बाईसाहेब बाराही महिने हिरव्यागार. बाबा मात्र जेवत नव्हते.

जन्मभर केळी पिकवलेला हा माणूस अर्ध्या भाकरीवर हात धुवायचा. मी चिडायचे. ताटात आणखी अर्धी टाकायचे, वर भात, त्यावर बोलणी. ते निमूट उठून गॅलरीत कुंतीसमोर जाऊन बसायचे.

"वंजळभर मातीत झाड कोंडायचं, हे कसले लाड, बाय? उपाशी राहून कोनाचं भलं झालंय?"

"तेच म्हणते मी," मी आतून ओरडायचे.

मग गॅलरीला वास यायला लागला. मी आधी गटाराला शिव्या घातल्या, मग खालच्या मजल्याला. सोसायटीतली मांजरं आमच्या ग्रिलवर ठाण मांडून बसू लागली. कुंतीची पानं पिवळी पडली, कडा करपल्या. एका रविवारी काडीनं माती उकरली, तर आत कुटलेला सुका जवळा.

आमच्याकडे वाडीत केळीला सुक्या मासळीचं खत घालायची रीत. बाबांनी राजोडीच्या ओळखीच्या कोळणीकडून जवळा आणून, मी कामावर गेले की मूठ मूठ पुरला होता. केळीच्या आळ्याचा खुराक ताटाएवढ्या कुंडीत!

"मारलीत ना तिला!" मी म्हणाले. त्यांचा चेहरा बघितला आणि जीभ चावली. वाडीतलं आता एवढंच उरलं होतं. मलाही रडू येत होतं.

बाबांनी कुंडी उचलून मोरीत नेली. तांब्यानं पाणी घालत मुळं धुतली. निम्मी काळी पडली होती. एरवी मी मुळं छाटायला बसले की ते तोंड फिरवायचे. आज त्यांनीच कात्री मागितली. झाड तोडण्याआधी वाडीत करायचे तसा बुंध्याला हात लावून कपाळाला लावला आणि काळी मुळं कापायला घेतली.

"भूक तिला नव्हती, बाय," खाली मान घालून म्हणाले. "मलाच बघवत नव्हतं."

मी नव्या मातीत तिला बसवलं, सावलीत ठेवलं. "पालवी येईपर्यंत खत नाही. नुसतं पाणी," एवढंच सांगितलं.

"आनि सारखं उकरून बघायचं नाय," ते म्हणाले.

पानं गळत राहिली. बाबा रोज तिच्याजवळ बसायचे, हात मागे बांधून. मीही त्यांच्या ताटात अर्धी भाकरी वाढून गप्प बसायला लागले. सोपं नव्हतं. भाताच्या डावाकडे हात आपोआप जायचा, तो मांडीखाली दाबून ठेवायचे.

एका दुपारी त्यांनी गॅलरीतून हाक मारली. उघड्या फांदीवर मोहरीएवढे हिरवे डोळे फुटले होते. आम्ही दोघं बराच वेळ बघत राहिलो. मग जेवायला बसलो. त्यांची अर्धी भाकरी संपली. मी मुद्दाम खिडकीकडे बघत होते.

बाबांनी ताट थोडं पुढे सरकवलं.

"अजून आहे का गं?"