सात तांबडी शिंगे

कोपरा फाडलेले कार्ड पुण्यात कॉलेजच्या वसतिगृहाच्या पायरीवर हातात पडले, तेव्हा मजकूर वाचण्याआधीच कळले की कुणीतरी गेले आहे. ते खंडू मास्तर असतील असे मात्र वाटले नव्हते. त्याला आता सहा आठवडे झाले. मास्तर आमच्या सांगोल्याकडचे, मेंढरे राखणाऱ्या घरातले. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका शाळेत ते चित्रकला शिकवत, आणि त्यांच्या एका खोलीत राहूनच मी मॅट्रिक झालो. माझ्या घरात माझ्याआधी कुणी शाळा पाहिलेली नव्हती. गेलेल्या माणसाविषयी गोड तेवढेच लिहावे, हे मला कळते... पण मला ते साधणार नाही.

पुण्याहून पहिल्याच उन्हाळी सुट्टीत येताना मी कॉलेजच्या एका जाड पुस्तकातला सांगाडा पातळ कागदावर गिरवून आणला होता. स्टायराकोसॉरस नावाचे, फार पूर्वी नाहीसे झालेले जनावर. नाकावर एक लांब शिंग, मानेमागे हाडाची ढाल, तिच्या कडेला आणखी सहा शिंगे. मास्तर तो कागद उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "रंग कंचा हुता रं ह्येचा?" मी म्हणालो, "कुणालाच ठाऊक नाही, मास्तर. नुसती हाडं सापडलीत." "म्हंजे आपल्याला सूट हाय की," ते हसले. गिरणीच्या जाड कापडावर त्यांनी कोळशाने आणि गेरूने ते जनावर हातभर उंच काढले आणि वर्गात टांगले; शाळेला अजून सुट्टी लागली नव्हती. पोरे बाकांवर चढून बघू लागली. मग मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, "मास्तर, ह्येच्या घरात कोन मेलंय का? शिंगं रंगवली न्हाईत." आमच्याकडे घरात सुतक असले की बेंदराच्या सणाला बैलांची शिंगे रंगवत नाहीत. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बैलांसाठी वापरतात तो तेलातला हिंगूळ आणून सातही शिंगे तांबडीलाल केली. त्या आठवड्यात एकही पोर शाळा चुकले नाही.

मास्तरांची नोकरी तेव्हा कच्ची होती, आणि ती पक्की होणे तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या शेऱ्यावर होते. कॉलेजात शिकणारा म्हणून हेडमास्तरांनी मलाही मुद्दाम बोलावले होते. साहेबांनी चित्रापुढे थांबून विचारले, "हे शास्त्र म्हणायचं की बेंदूर?" मास्तरांनी माझ्याकडे बोट केले, "ह्यानं पुस्तकातनं आणलंय, साहेब." साहेब माझ्याकडे वळले. "शिंगं तांबडी होती असं पुस्तकात लिहिलंय?"

"नाही, साहेब," मी म्हणालो.

ते खोटे नव्हते. पुढचे एक वाक्य राहिले होते, कुठलाच रंग लिहिलेला नाही एवढेच. मास्तर माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मी कोटाचे बटण चाचपत राहिलो... साहेबांनी शेरा लिहिला की हा शिक्षक मुलांना मनचे शिकवतो. पावसाळ्याआधी नोकरी गेली. मास्तर गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात लागले, तिथे खोकला जडला. मी सुट्टीला गेलो की विचारायचे, "आनि काय नवीन सापडलं का रं?" त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी तरी बोललो असतो. असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. ते खरे नसावे.

कार्डानंतर मी गेलो तेव्हा काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, दारात बसून जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत होत्या. शेजारी ते तांबड्या शिंगांच्या चित्राचे कापड पडले होते. मी त्यांना सगळे सांगितले, ते न बोललेले वाक्यसुद्धा. त्यांनी मान वर केली नाही.

"मला ठावं हाय. त्या दिशीच बोलले हुते त्ये मला. म्हनले, पोरगं भ्यालं."

मग त्यांनी ते कापड वाकळीवर पसरले, चित्राची बाजू खाली केली आणि कडेने टाके घालू लागल्या. "आज जेवून जा," त्या म्हणाल्या. "ह्यावरच नीज दुपारचं. कापड लई धड हाय."