लाजार, पूर्वी मयत, हल्ली हयात

दोन हजार वर्षांपूर्वीचा खटला पुन्हा चालवायला निघालेला माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. खालापूरच्या कोर्टात तो बेलिफ होता. जन्मभर वाड्यावाड्यांतून समन्स बजावत हिंडल्यामुळे त्याची खात्री झाली आहे, की माणूस साक्षीच्या समन्सला घाबरतो तितका बिबट्यालाही घाबरत नाही. येशूचं शुभवर्तमान तो केसचे कागद चाळावेत तसं वाचतो. "आरोपीला वकील नाय, साक्षीदारांचा मेळ नाय, आन् निकाल देणारा हात धुऊन मोकळा! आमच्या कोर्टात टिकला नसता असला निकाल," हे त्याने गुड फ्रायडेला चर्चमध्ये, भर वाचनात उभं राहून सुनावलं आहे. फादरांनी त्याला मागच्या बाकावर बसवलं, तर तिथून आवाज चांगला घुमतो म्हणाला. बचावाच्या साक्षीदारांची यादीही तयार आहे, पहिलं नाव येशूने मेलेल्यातून उठवलेल्या माणसाचं: "लाजार, राहणार बेथानी, पूर्वी मयत, हल्ली हयात." धरून देणाऱ्या यहूदावर त्याचा तितका राग नाही. "येशूच्या हातचं पाच हजार जेवले शेठ, साक्षीला एक नाय आला!" म्हणताना त्याचे डोळे भरून यायचे. मी टायरचं दुकान सोडून त्याच्याशी वाद घालत बसायचो.

दोन वर्षांपूर्वी कुंभिवलीत, माझ्या दुकानासमोर, एका ठेकेदाराने ठाकूरवाडीच्या किसनचा उजवा हात पहारीने मोडला. किसनने एक दिवसाची सुट्टी मागितली होती. बेलिफने त्याला तक्रार करायला लावली आणि साक्षीला माझं नाव दिलं. मीही छाती फुगवून हो म्हटलं. तारखेच्या आदल्या दिवशी ठेकेदार दुकानात आला, निवांत बसला आणि माझी मुलगी कर्जतला कॉलेजला कितीच्या गाडीने जाते, एवढं विचारून गेला.

कोर्टात मी म्हणालो, "गर्दी होती. नीट दिसलं नाही."

ठेकेदार सुटला. बाहेर किसनने मला डाव्या हाताने नमस्कार केला. बेलिफने तिघांना चहा सांगितला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, अजून होतं.

तेव्हापासून त्याच्या वागण्यात काडीचा फरक नाही. नाताळचा फराळ येतो, माझ्या गुडघ्याची चौकशी होते. येशूचा खटला मात्र तो आता माझ्यासमोर काढत नाही. परवा मीच मुद्दाम खोड काढली, "येशूला पकडल्यावर त्याचाच शिष्य पेत्र तीनदा म्हणाला, मी ह्याला ओळखत नाही. त्यात त्याचं काय चुकलं?" पूर्वी एवढ्यावर तो तासभर भांडला असता.

"नाय चुकलं, शेठ," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "त्याला बी घरदार व्हतं."