चौदावा ठोका

पोकळीकाकांना पगार मिळायचा तो 'काही नाही' याची राखण करण्यासाठी. ही कोटी माझी नाही, काकूंची आहे. "लोक बँकेची राखण करतात, बागेची करतात. आमचे हे रिकाम्या नळीची करतात," असं त्या शेजारणीला सांगत, आणि तेही काकांच्या देखत. तीस वर्षं पंपांच्या घरघरीत काढल्यामुळे काकांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नसे. डाव्याने येत असे, पण ते काकूंना ठाऊक नाही अशी काकांची समजूत होती.

नळी चार किलोमीटर लांब. आत माणूस जेमतेम वाकून उभा राहील एवढी रुंद, आणि हवा म्हणाल तर नावालाही नाही. त्या पोकळीतून लेसरचा किरण टोकाच्या आरशापर्यंत जातो आणि परत येतो. दूर कुठे तरी दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती गरगरत एकमेकांत घुसली, की अवकाशच हेलकावतं. तो हेलकावा पृथ्वीवरून जाताना आमची नळी अणूच्या गाभ्याहूनही हजारपट लहान अंतराने लांबते, आखडते. तेवढं आम्ही मोजतो. लग्नात लोक मला विचारतात, "म्हणजे नक्की काय करता?" तेव्हा मी "सरकारी नोकरी" असं सांगून जेवायला बसतो.

नळीभोवती काँक्रीटचा बोगदा आहे. नळी आणि भिंत यांच्यात जेमतेम खांदा मावेल एवढ्या वाटेने काका रोज फिरत, गंज बघत, सांधे बघत. चालता चालता प्रत्येक टेकूला टॉर्चच्या मागच्या टोकाने एक ठोका देत. भरीव आवाज आला तर बोल्ट घट्ट, फुटका आला तर ढिला. दोनशे टेकू, दोनशे ठोके. देवळातल्या घंटेला हात गेल्याशिवाय काही लोकांना पुढे जाता येत नाही, तसं.

किरण मोजणी करत असताना मात्र बोगद्यात कुणी जायचं नाही. दाराशी एक फळी होती. आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला तिच्यावर अडकवायचा, बाहेर आला की काढायचा. फळी रिकामी दिसली की मी भोंगा वाजवायचा आणि नियंत्रण कक्षात येऊन मोजणी सुरू करायची.

त्या मंगळवारी फळी रिकामी होती. मी भोंगा वाजवला, मोजणी सुरू केली, आणि सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी माझ्या पडद्यावर एक ठिपका उमटला. सेकंदाचा दहावा भाग. पापणी लवली असती तर चुकला असता.

मॅडम, म्हणजे आमच्या वेधशाळेच्या प्रमुख, अर्धा डबा तसाच टाकून धावत आल्या. दोन तास त्या आकडेमोड करत होत्या आणि मधूनमधून स्वतःशीच "छे, छे" म्हणत होत्या. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "हलकी विवरं एकत्र येण्याआधी बराच वेळ गुणगुणतात. आपल्याला तो चढता सूर मिळतो. जेवढी जड, तेवढा सूर आखूड. याला तर सूरच नाही. नुसता ठोका."

"म्हणजे किती जड?"

"दोन्ही मिळून दीडशे सूर्य." त्या हसल्या नाहीत. "एवढी मोठी विवरं ताऱ्यातून जन्माला यायला नकोत. तेवढा तारा मेला तर स्वतःच्या चिंधड्या करून घेतो, मागे विवर उरत नाही. मग ही आली कुठून? ही आधीच दुसऱ्या कुणाला तरी गिळून एवढी झालेली असणार. आणि ती ज्यांना गिळून झाली..." बाहेर लख्ख ऊन होतं, तरी मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

एरवी अशा वेळी समुद्रापलीकडची दुसरी वेधशाळा साक्षीला असते. तिलाही तोच ठोका ऐकू आला तर खरं. पण ती आठवडाभर दुरुस्तीसाठी बंद होती. सगळ्या पृथ्वीवर त्या क्षणी जागे होते ते फक्त आम्ही.

लगेच हुकूम निघाला: कुठलाही स्क्रू हलवायचा नाही, बोगद्यात पाऊल टाकायचं नाही, आणि अकरा सतराला कोण कुठे होतं ते प्रत्येकाने लिहून द्यायचं. ते गोळा करण्याचं काम माझ्याकडे आलं. स्वयंपाक्याने 'कांदा चिरत होतो' असं लिहिलं. माळ्याने दीड पान लिहिलं. काकांनी एकच शब्द लिहिला: 'बाहेर'.

चौथ्या दिवशी काकूंनी मला त्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरच्या दारात अडवलं. हातात शिवणाची टेप तशीच. "काय रे, ह्यांना ऑफिसात कुणी काही बोललं का? जेवत नाहीत. काल माझं शिवणयंत्र बंद करायला लावलं, म्हणे ठोके सहन होत नाहीत. माझ्याशी भांडत पण नाहीत रे!"

काका पंपांच्या खोलीत सापडले. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

"चष्मा राहिला होता," ते म्हणाले, मी काही विचारण्याआधीच. "बोगद्यात, एकविसाव्या टेकूशी. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी बिल्ला कोण अडकवतो? भोंगा मला ऐकूच आला नाही."

"काका, ठोके दिलेत?"

"हात जातो रे. आपोआप जातो. परत येताना घाईत एकदाच गेला, कुठल्या टेकूवर ते आठवत नाही."

"नक्की अकरा सतराला?"

"मी काय घड्याळ बघून ठोकतो?"

मी खोटं कशाला सांगू, मी त्यांना म्हणालो, "गप्प बसा. आठ महिन्यांत रिटायर होताय. आणि फळी तर मीच बघितलीय, मीही अडकेन."

काकांनी पंपावर हात ठेवला. "मॅडम जगाला सांगणार, दोन राक्षस एकमेकांना गिळून बसले. पोरं शाळेत शिकणार. आणि तो असायचा माझा टॉर्च." मग म्हणाले, "चल, मला घेऊन चल. एकट्याने पाय उचलत नाही."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पेन बंद केलं आणि विचारलं, "काका, तसाच ठोका परत देता येईल? वाटेतल्या सगळ्या टेकूंवर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका फोन घेऊन बोगद्यात गेले. आम्ही पडद्यासमोर. प्रत्येक ठोक्याची रेघ मंगळवारच्या रेघेवर ठेवून बघायची. पहिला ठोका: रेघ लांबलचक थरथरत राहिली, मुळीच जुळली नाही. दुसरा नाही. पाचवा नाही. मॅडमच्या मदतनिसाने नवव्याला सुस्कारा सोडला, बाराव्याला तो चक्क शीळ घालायला लागला.

चौदाव्याला शीळ थांबली.

रेघ रेघेवर अशी बसली की पडद्यावर एकच दिसत होती.

"पुढे," मॅडम म्हणाल्या. आणखी सात झाले. एकही जुळला नाही.

"एकविसात एक," मदतनीस घाईघाईने म्हणाला. "योगायोग आहे. वीस वेळा नाही आलं हे महत्त्वाचं. मॅडम, वीसच ठोके दिले असं धरलं तर?"

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, पण नाही म्हणाल्या नाहीत. तो क्षण मला अजून आवडत नाही.

एवढ्यात काका धापा टाकत आले. "जुळला का एखादा?"

मॅडम पडद्याकडेच बघत राहिल्या. मग मीच म्हणालो, "चौदावा."

काकांचा चेहरा उतरला. ते समोरच्या बाकावर बसले. "व्हायचंच," ते म्हणाले. "वीस मी मारले. बघून, जपून, तुम्ही बघताय म्हणून. चौदाव्याच्या वेळी पाय घसरला, भिंत धरायला गेलो, तेवढ्यात हात आपला गेला टेकूकडे. तो एकच माझा रोजचा."

मदतनीस खाली बघू लागला. मॅडमनी वही पुढे ओढली, एकवीसच्या एकवीस ठोके क्रमाने लिहिले, आणि मंगळवारच्या ठोक्यापुढे 'ग्राह्य नाही' असं लिहून खाली सही केली. त्यांची अक्षरं नेहमीपेक्षा मोठी आली होती.

"मॅडम," काका म्हणाले, "पण माझा ठोका आणि त्यांचा, दोन्ही एकाच क्षणाला पडले असतील तर?"

"तर तो माझ्यापर्यंत आला होता आणि तुमच्या ठोक्याखाली दबला."

"परत येईल ना तो?"

"नाही, काका. तो पुढे गेला. त्याच्या मागे धावून गाठता येईल असं काही नाही आपल्याकडे." त्यांनी वही मिटली. "तिकडे काय झालं, झालं की नाही, हे आता कुणालाच कधी कळणार नाही."

काकांनी मान हलवली. मग त्यांनी दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली सरकवले आणि घट्ट दाबून धरून ते तसेच बसून राहिले.